ओल्या वजनाचा न्याय



ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला. मागणी एका ओळीची होती : दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. कारणही सरळ होते. कोणत्याही पिकाला धड भाव नाही, घातलेला खर्च निघत नाही, गांजाला मात्र भाव आहे. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजून १६ तारखेपासून लागण करीन, आणि गुन्हा दाखल झालाच तर जबाबदारी प्रशासनाची, असेही त्याने बजावले. प्रशासनाने कागद पोलिसांकडे सरकवला. पोलिसांनी हा प्रसिद्धीचा खटाटोप आहे असे सांगितले. चार दिवस टपरीवर हसू झाले आणि विषय मिटला.

मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. मालदांडी ३५-१ ही ज्वारी १९३० च्या दशकात याच मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडली गेली. आजही रब्बीत कोरडवाहू शेतकरी तिच्याच भरवशावर जगतो. ज्या तालुक्याने देशाला ज्वारी दिली, त्याच तालुक्यातल्या शेतकऱ्याला गांजा मागावासा वाटला. हा अर्ज शेतमालाच्या भावाबद्दल होता. तो गांजाबद्दलचा समजून वाचला गेला, म्हणून लोक हसले.

अर्ज करणारा निदान सरकारच्या दारात जाऊन उभा राहिला. पण अर्ज न करता तुरीच्या ओळीत, कापसाच्या पाटात, उसाच्या फडात पाच-पंधरा झाडे लावणारेही आहेत. त्यांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. बातमीचा साचा ठरलेला : अमुक गावच्या शिवारात छापा, इतकी झाडे उपटली, इतके किलो ‘ओला गांजा’ जप्त, शेतकरी अटकेत. या बातमीतल्या एका शब्दावर कोणी थांबत नाही. तो शब्द आहे ‘ओला’. आजचा माझा सगळा लेख त्या एका शब्दावर आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो, म्हणजे कोणी माझ्या तोंडी भलते घालणार नाही. गांजा लावा असे मी सांगत नाही. लावू नका, असेच सांगतो. गावातली पोरे या नादाने कशी वाया जातात ते मी पाहिले आहे. शिवाय गांजाला जो भाव दिसतो तो पिकाचा भाव नसतो, तुरुंगाच्या जोखमीचा भाव असतो. जोखीम सगळी शेतकऱ्याची आणि भाव सगळा वाहतूक करणाऱ्याचा, असा तो धंदा आहे. पण गुन्हा केलेल्या माणसालाही माप खरे मिळाले पाहिजे. काटा मारणारा व्यापारी आपल्याला चालत नाही, तर काटा मारणारा पंचनामा का चालावा?

झाड किती, गांजा किती

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, गांजाची व्याख्या दिलेली आहे. गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळे धरलेले शेंडे. बी आणि पाने शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजा नव्हेत. म्हणून तर उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत. कायदा करणाऱ्यांनाही माहीत होते की या झाडाचा प्रत्येक भाग सारखा नसतो.

शेतीशास्त्र तेच सांगते. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. नशेचे द्रव्य असते ते मादी झाडाच्या फुलोऱ्यावरच्या बारीक चिकट ग्रंथींत. मोठ्या पानांत ते थोडे, खोडात नावापुरते, मुळात आणि बियात जवळजवळ नाहीच. पुन्हा कापणीच्या वेळी हिरव्या झाडात तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त पाणी असते. ते झाड कापायचे, सावलीत वाऱ्यावर टांगून हळूहळू वाळवायचे, फुलोरा वेगळा काढायचा, मग बंद भांड्यात काही आठवडे मुरवायचा, अशी ती काढणीनंतरची रीत. घाईने वाळवला तर करपट होतो, ओला ठेवला तर बुरशी धरतो. ओली ज्वारी रचली की काळी पडते, ओल्या भुईमुगाला बुरशी लागते, त्यातलाच हा प्रकार. बाजारात ज्याला गांजा म्हणतात तो माल या सगळ्या उस्तवारीनंतर उरतो. शेतात उभे असते ते नुसते झाड.

आता हिशेब मांडू. समजा, पोलिसांनी बांधावरची काही झाडे मुळासकट उपटली आणि काट्यावर २७ किलो भरली. त्यात ७५ टक्के पाणी धरले तर सुका भाग राहिला पावणेसात किलो. वाळलेल्या मालातही दहा टक्के ओल राहतेच, म्हणजे वाळलेले झाड झाले साडेसात किलो. त्यातून मूळ, खोड, फांद्या आणि मोठी पाने काढून फुलोरा एक तृतीयांश निघाला असे धरा. हाती आले अडीच किलो. मुळाला चिकटलेली काळी माती मी यात मोजलेलीच नाही. सोलापूरची माती पावसाळ्यात मुळाला कशी धरते ते तुम्हाला सांगायला नको.

२७ किलो आणि अडीच किलो. हा फरक नुसता आकड्यांचा नाही. २००१ च्या अधिसूचनेप्रमाणे गांजाची ‘अल्प मात्रा’ एक किलो आणि ‘व्यापारी मात्रा’ वीस किलो. व्यापारी मात्रा ठरली की शिक्षा कमीत कमी दहा वर्षे, जास्तीत जास्त वीस वर्षे, आणि दंड एक ते दोन लाख. व्यापारी मात्रेच्या आत राहिला तर दहा वर्षांपर्यंत, किमान काही नाही, न्यायाधीश परिस्थिती पाहून ठरवील. लागवडीचे कलम वेगळे आहे. तिथे वजन काहीही असो, शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड लाखापर्यंत. पण लागवडीच्या कलमाला जोडून बाळगल्याचे कलम लागते, आणि तिथे वजन बोलते.

खरी मेख जामिनात आहे. व्यापारी मात्रा कागदावर आली की कलम ३७ लागू होते. आरोपी दोषी नाही असे मानायला सबळ कारण आहे आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही, असे न्यायाधीशाचे समाधान झाल्याशिवाय जामीन नाही. म्हणजे खटला चालायच्या आधीच माणूस आत. पेरणी गेली, सुगी गेली, सोसायटीचे कर्ज थकले, बायको वकिलाच्या दारात. २७ किलोतल्या साडेचोवीस किलो पाणी, माती आणि काड्यांनी हे केले.

घेताना ओल मोजता, मग आता का नाही?

ओल मोजायची कशी हे सरकारला कळत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा आपल्याबरोबर कापूस खरेदी केंद्रावर यावे.

कापसात ओलावा आठ टक्के धरून हमीभाव आहे. आठच्या वर बारापर्यंत प्रत्येक टक्क्याला भाव कापला जातो. बाराच्या वर गेला की गाडी परत. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. मशीनने ११ दाखवले की तीन टक्के गेले, क्विंटलमागे २४३ रुपये. सोयाबीनला बारा टक्क्यांची अट. २०२४ च्या खरिपात ओल्या सोयाबीनवरून ओरड झाली तेव्हा केंद्राला ती मर्यादा १५ करावी लागली.

एका वर्षी शेजाऱ्याच्या कापसाबरोबर मी एका केंद्रावर गेलो होतो. केंद्राचे नाव सांगत नाही. सकाळी मशीनने १३ दाखवले, गाडी बाजूला लावायला सांगितली. दुपारपर्यंत ताडपत्रीवर पसरून उन्हे दिली, तोच कापूस साडेनऊवर आला. टेम्पोचे भाडे दुप्पट झाले आणि भाव कापला तो वेगळाच. शेजारी म्हणाला, “साहेब, पाण्याला पैसे द्यायचे नाहीत हे खरंय. पण मग पाण्याचं मोजमाप तरी सगळीकडं सारखं असावं की!” तो कापसाबद्दल बोलत होता. पण इतक्या वर्षांत मला त्याहून नेमके वाक्य ऐकायला मिळालेले नाही.

दुसरे उदाहरण पीक कापणी प्रयोगाचे. विम्यासाठी आणि पैसेवारीसाठी मंडळात प्रयोग होतात. चौकोन आखतात, कापतात, मळतात, वजन करतात. पण ओल्या वजनावर उत्पन्न धरत नाहीत. नमुना वाळवून किती तूट आली ते पाहतात आणि सुके वजन हिशेबात घेतात. कृषी महाविद्यालयात आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवले होते. नमुना तोलायचा, भट्टीत १०५ अंशांवर ठेवायचा, वजन कमी व्हायचे थांबेपर्यंत तोलत राहायचे, मगच आकडा लिहायचा. ओल्या आकड्याला आमचे मास्तर आकडाच म्हणत नसत.

आणि शाळा-कॉलेज कशाला हवे? शंभर किलो हिरव्या कडवळाचा वाळून तीस-पस्तीस किलो कडबा होतो, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हुरड्याची कणसे तोलून कोणी ज्वारीचा उतारा सांगत नाही. सांगितला तर त्याला गावात कोणी शहाणा म्हणणार नाही. मग शिवारातली हिरवी झाडे मुळासकट तोलून त्या वजनाला गांजा म्हणणाऱ्याला काय म्हणावे?

आपल्याला पैसे द्यायचे असतात तेव्हा सरकार अर्ध्या टक्क्यापर्यंत ओल मोजते. आपल्याला आत टाकायचे असते तेव्हा ओलीसकट तोलते. तोच देश, तोच शेतकरी. काटा मात्र दोन.

इंग्रजाचा हिशेब, परदेशाचा हिशेब

गांजाचे वजन सुके धरायचे, काडी वजा करायची, ही कल्पना मी काढलेली नाही. दीडशे वर्षांपूर्वी गांजा हे परवान्याचे पीक होते. मुंबई इलाख्यात ते मुख्यतः आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात होई. बंगालात राजशाहीजवळच्या नौगावला, म्हणजे आजच्या बांगलादेशात, होई. १८९३-९४ साली इंग्रज सरकारने या सगळ्याची चौकशी करायला एक आयोग नेमला. आयोगाने सात खंडांचा अहवाल दिला आणि सरसकट बंदी नको, नियंत्रण आणि कर ठेवा असे सांगितले.

काढणीनंतरचे काम त्या अहवालात बारकाईने नोंदलेले आहे. झाडे कापायची, उन्हात सुकवायची, अर्धवट सुकली की पायाने तुडवून दाबायची, पुन्हा पसरायची, पुन्हा तुडवायची. त्यातून चपटा गांजा होई. वळला तर गोल गांजा. काडीपासून सुटा झाला तर चूर. नौगावला माल सरकारी नजरेखालच्या वखारीत जाई आणि तयार मालावर सेराप्रमाणे कर बसे. आता पाहा : चपट्याला कर कमी, गोलाला जास्त, चुराला सर्वांत जास्त. कारण चपट्यात काडी जास्त असते आणि चुरात नसतेच. काडीवर कर घेणे इंग्रजालाही पटले नाही. तो आपल्या भल्यासाठी आलेला नव्हता, महसुलासाठी आलेला होता. पण महसूल घेतानाही त्याने काडी वजा केली.

आता आजचे जग पाहा. कॅनडाने २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला. तिथे घरी चार झाडे लावायची मुभा आहे, अर्थात ती सगळ्याच प्रांतांत नाही. कायद्याच्या शेवटी एक तक्ता जोडला आहे : एक ग्रॅम सुका म्हणजे पाच ग्रॅम ओला. पाचास एक. कायद्याने स्वतःच वाळवणीची तूट लिहून ठेवली, पोलिसावर सोडली नाही. जर्मनीने २०२४ मध्ये घरात किती बाळगता येईल याची मर्यादा घातली, तीही वाळवल्यानंतरच्या वजनावर. आपण त्यांच्यासारखे गांजा मोकळा करावा का, हा वाद वेगळा आहे. मुद्दा मापाचा आहे. मोकळा करणाऱ्या देशांनी सुके माप धरले. बंदी घालणाऱ्या देशाला तर ते जास्त काटेकोर धरले पाहिजे, कारण इथे मापावर माणसाची वीस वर्षे जातात.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप : नमुना प्रयोगशाळेत जातोच की! जातो. पण हा पदार्थ गांजा आहे की नाही, हे प्रयोगशाळा सांगते. ढिगात फुलोरा किती होता, खोड किती आणि पाणी किती, हे एका पुडीवरून ठरत नाही. ते जागेवर, उपटल्यादिवशीच वेगळे करून लिहावे लागते. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर हाच प्रश्न उचलला. फुलोरा नसलेली पाने आणि बी व्याख्येत बसत नाहीत, सगळे मिळून केलेले वजन तसेच धरता येत नाही, असे म्हणून जामीन दिला. निकाल चांगला आहे. पण उच्च न्यायालयापर्यंत जायला वकील लागतो आणि वकिलाला पैसे लागतात. पैसे असते तर बांधावर ही झाडे लावलीच नसती.

दुसरा आक्षेप आपल्यातल्याच काही कार्यकर्त्यांचा : तुम्ही गुन्हेगारांची वकिली करता, चळवळ बदनाम होईल. त्यांना माझा उलट प्रश्न आहे. ओल्या वजनाचा फटका बसतो कोणाला? टेम्पोत, ट्रकमध्ये पोती भरून नेणाऱ्याचा माल सुकाच असतो. ओला माल नेऊन तो कशाला कुजवील? त्याच्या वीस किलोला वीस किलोच धरतात. पाण्यासकट तोलला जातो तो फक्त शेतात सापडलेला माणूस. म्हणजे या मापात व्यापाऱ्याला न्याय आहे आणि पिकवणाऱ्याला दहापट दंड आहे. हे माप बदला म्हणणे ही गुन्हेगाराची वकिली कशी?

तिसरा आक्षेप दुसऱ्या टोकाचा : मापाचे काय घेऊन बसलात, सरळ परवाने मागा. भावांनो, परवान्याचा इतिहास वर आलाच आहे. नौगावच्या शेतकऱ्याने वाळवायचे सरकारी नजरेखाली, ठेवायचे वखारीत, विकायचे परवानाधारकाला. उत्तराखंडने २०१८ मध्ये तागासाठी आणि बियासाठी लागवडीचे परवाने सुरू केले. तिथे अट आहे नशेचे द्रव्य ०.३ टक्क्यांच्या आत ठेवण्याची. बियाणे तसे नसेल तर उभे पीक गुन्हा ठरते. कॅनडात पीक मोकळे झाले तेव्हा इतके पिकले की शेकडो टन माल नष्ट करावा लागला. आज दिसणारा भाव बंदीचा आहे. बंदी गेली की भाव जातो आणि उरतो तो परवाना वाटणारा. कोरडवाहू शेतकऱ्याला या वाटेने सोने मिळेल असे जो सांगतो, त्याच्याकडे कापसाच्या बाबतीतही असेच एखादे सोने असेल. तागाचा प्रयोग विद्यापीठाने आपल्या जमिनीत करून पाहावा, आकडे मांडावेत, मग बोलू.

गावात लक्षात ठेवायच्या गोष्टी

सातबारा तुमचा आणि रान बटईने दुसऱ्याकडे असेल तरी डोळे उघडे ठेवा. आपल्या जमिनीत बेकायदा लागवड झाल्याचे कळूनही जमीनधारक गप्प बसला तर कलम ४६ प्रमाणे तोही अडकतो. कलम ४७ प्रमाणे गावचे अधिकारी आणि सरपंच-पंच यांच्यावरही खबर देण्याची जबाबदारी आहे. बांधावर आपोआप उगवलेले झाड दिसले तरी पोलीस पाटलाला कळवा, नंतर सांगू म्हणू नका.

आणि पंच म्हणून कोणी बोलावले तर वाचल्याशिवाय सही करू नका. झाडे किती? मुळासकट तोलली की मुळे तोडून? माती झटकली का? फुलोरा वेगळा केला का? ओली होती की वाळलेली? काटा कोणता? जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहिले आहे ना, हे पाहणे हेच पंचाचे काम. त्यात पोलिसांना विरोध काही नाही. खऱ्या पंचनाम्याने खरा खटलाच मजबूत होतो.

जिल्हा बैठकीसाठी ठराव

येत्या बैठकीत पुढील ठराव मांडावा असे मी सुचवतो. तालुक्यांनी आपापल्या बैठकीत त्यावर बोलून यावे.

१. शेतातून जप्त केलेल्या झाडांचा फुलोरा पंचांसमक्ष वेगळा करावा. मूळ, खोड, माती, सुटी पाने यांची नोंद वेगळी व्हावी.

२. मात्रा ठरवताना वाळलेल्या फुलोऱ्याचेच वजन धरावे. ओल्याचे सुके करण्याचे प्रमाण केंद्र सरकारने अधिसूचनेत लिहावे, ते पंचनामा करणाऱ्यावर सोडू नये.

३. ओल्या वजनावर व्यापारी मात्रा धरून आत असलेल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणांची विधी सेवा प्राधिकरणाने जिल्ह्यात यादी करावी आणि त्यांना वकील द्यावा.

४. खरेदी केंद्रावरची ओलावा मोजण्याची यंत्रे शेतकऱ्यासमोर तपासून घ्यावीत आणि आकडा पावतीवर लिहून द्यावा.

चौथे कलम इथे कशाला, असे कोणी विचारील. ते मुद्दामच घातले आहे. शेजाऱ्याने केंद्रावर जे मागितले तेच आपण चारही कलमांत मागतो आहोत. कापसाचा तोल असो की पंचनाम्याचा, काटा एकच असावा आणि पाण्याला सगळीकडे पाणीच म्हणावे.